‘निल’ रिपोर्ट, दात्याचे शुक्राणू आणि मधल्या पायऱ्या

विटा भागातल्या एका ताईंनी विचारलंय: लग्नाला सहा वर्षं झाली. त्यांचं वय २९, पतींचं ३४. पती गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यानिमित्त तमिळनाडूत असतात, वर्षातून दोन-तीनदा गावी येतात. वीर्यतपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा ‘निल’. सांगलीतल्या डॉक्टरांनी डोनरचं आययूआय, म्हणजे दात्याचे शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडणं, सुचवलंय. सासूबाई म्हणतात, बाहेरचं कशाला, धाकट्या दिराचंच घ्या. हे चालतं का, मूल कायद्यानं आमचं राहील का, किती वेळा करावं लागेल, आणि खरंच दुसरा मार्ग उरलेला नाही का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ. त्याचं उत्तर पक्कं झाल्याशिवाय बाकीचे तीन विचारायची वेळच येत नाही.

रिपोर्ट पुन्हा हातात घ्या आणि ‘निल’ नेमकं कोणत्या ओळीत लिहिलंय ते बघा. हालचालीपुढे शून्य असेल तर ती गोष्ट वेगळी. घरी डबीत घेतलेला नमुना एसटीनं दीड-दोन तासांनी लॅबमध्ये पोचला की शुक्राणू मेलेले दिसणारच. नमुना लॅबमध्येच द्यावा, नाहीतर तासाभराच्या आत पोचवावा. संख्येपुढे शून्य असेल तर विचारायचं, की नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेला गाळ तपासला का. थेट थेंबात न दिसलेले चार-दोन शुक्राणू गाळात सापडतात, आणि इक्सीसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू सुईनं अंड्यात सोडण्यासाठी, एवढेही पुरतात. नमुन्याआधी २ ते ७ दिवसांचं अंतर हवं. सगळा नमुना डबीत पडायला हवा. पहिला भाग बाहेर सांडला तर रिपोर्ट फसतो, कारण बहुतेक शुक्राणू त्याच भागात असतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे मधल्या काळात टायफॉइड किंवा डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

गलाईच्या भट्टीजवळ रोज दहा तास बसल्यानं संख्या घटू शकते, हे खरं. पण नुसत्या उष्णतेनं ती सहसा पार शून्यावर येत नाही. तेव्हा खापर धंद्यावर फोडून तपासण्या तिथंच थांबवू नका.

शून्य खरं ठरलं, तर ते दोन प्रकारचं असतं. एकात शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते. दुसऱ्यात ते तयारच होत नाहीत, किंवा फार थोडे होतात. हा फरक ओळखायला महागडं काही लागत नाही: अनुभवी मूत्रविकारतज्ज्ञाकडून अंडकोषांची हातानं तपासणी आणि रक्तातली एफएसएच, एलएच (मेंदूकडून अंडकोषाला हुकूम देणारी संप्रेरकं) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुष संप्रेरक). अंडकोष नीट आकाराचे आणि एफएसएच नॉर्मल असेल तर अडथळ्याची शक्यता मोठी. वीर्य दीड मिलीपेक्षा कमी येतंय, त्यात फ्रुक्टोज ही साखर नाही आणि हाताला वीर्यवाहिनीच लागत नाही, असं असेल तर ती जन्मतःच नसते. अशा माणसाच्या अंडकोषात शुक्राणू भरपूर असतात. सुईनं काढून इक्सी केलं की मूल त्याचंच होतं. फक्त त्याआधी दोघांची सीएफटीआर जनुकाची तपासणी करायची. जुना क्षय, जुना संसर्ग, लहानपणीचं हर्नियाचं ऑपरेशन यांनीही वाट बंद होते. वीर्य अगदी थोडं येत असेल आणि मधुमेह असेल तर ते मागे मूत्राशयात जात असण्याची शक्यता असते. त्यासाठी वीर्यपतनानंतरची लघवी तपासतात.

एफएसएच आणि एलएच दोन्ही फार कमी असतील तर मला आनंदच होतो, कारण पुरुषांच्या वंध्यत्वात औषधानं खरोखर सुधारणारा प्रकार हाच. मेंदूकडून अंडकोषाला हुकूम जात नसतो. एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं सहा महिने ते दोन वर्षं नेटानं घेतली तर अनेकांत शुक्राणू येतात. आपल्या भागात याचं एक विशेष कारण सापडतं. तालमीत किंवा जिममध्ये अंग भरावं म्हणून घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. ते बाहेरून आलं की मेंदू स्वतःचा हुकूम बंद करतो आणि संख्या थेट शून्यावर येते. बंद केल्यावर बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात उत्पादन परत सुरू होतं, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. पतींना हे एकट्यात, दोष न देता विचारा. हा प्रश्न न विचारता डोनरकडे वळलेलं जोडपं पाहिलं की वाईट वाटतं.

एफएसएच वाढलेलं आणि अंडकोष लहान असतील तर उत्पादनच बिघडलेलं आहे असं समजायचं. मग गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्रावरचे तुकडे गळालेत का, ही तपासणी करायची. वायवरचा ‘एझेडएफ ए’ किंवा ‘बी’ भाग पूर्ण नसेल तर अंडकोषात शुक्राणू सापडत नाहीत, त्यामुळे ऑपरेशनचा खर्च आणि वेदना वाचवा. ‘सी’ भाग नसेल किंवा क्लाइनफेल्टर, म्हणजे ४७ एक्सएक्सवाय, असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोष उघडून शोधण्याचं ऑपरेशन, मायक्रो-टेसे, करून बघता येतं. योग्य निवडलेल्या रुग्णांत साधारण निम्म्या वेळा काही शुक्राणू हाती लागतात. त्या दिवशी काहीच मिळालं नाही तर काय, हे आधीच ठरवून लेखी ठेवा: दात्याचा नमुना तयार ठेवायचा, की तुमची अंडी गोठवून विचार करायला वेळ घ्यायचा. ऑपरेशन थिएटरच्या दारात, भूल उतरत असलेल्या माणसाकडून सही घेऊन हा निर्णय होऊ नये.

या सगळ्यातून गेल्यावर, किंवा इक्सीचा खर्च आणि त्रास नको असं दोघांनी समजून-उमजून ठरवल्यावर, दात्याचे शुक्राणू हा चांगला, सुरक्षित मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते मायेनं आलंय, घराण्याचं रक्त राहावं म्हणून. पण दिराचं घेता येत नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दाता नोंदणीकृत बँकेतूनच यावा लागतो, आणि तो कोण हे जोडप्याला कळत नाही, जोडपं कोण हे त्याला कळत नाही. दात्याचं वय २१ ते ५५. बँकेनं त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि गुप्तरोगाची तपासणी करायची असते. नमुना सहा महिने गोठवून ठेवून दात्याची पुन्हा तपासणी करण्याची पद्धत आहे, कारण ताजा संसर्ग पहिल्या तपासणीत दिसत नाही. कुणी ‘ताजा नमुना देतो, लगेच मिळेल’ म्हणत असेल तर तिथून सरळ उठा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दीर त्याच अंगणात राहणार, त्याची बायको येणार, शेताची वाटणी होणार. ज्या गोष्टीचं ओझं नाही ते कशाला तयार करायचं?

दुसरी एक जुनी खोड सांगून ठेवायला हवी: पतीचा नमुना दात्याच्या नमुन्यात मिसळणं, म्हणजे ‘कुणाचं ते कळणार नाही’. हे कुणी सुचवलं तर नकार द्या. त्यानं यश वाढत नाही, आणि आयुष्यभराची एक शंका मात्र घरात येऊन बसते.

मूल तुमचंच. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अशा पद्धतीनं जन्मलेलं मूल जोडप्याचं जैविक मूल मानलं जाईल आणि नैसर्गिक मुलाचे सगळे हक्क त्याला मिळतील. दात्याचा त्याच्यावर कसलाही हक्क राहत नाही. जन्माच्या दाखल्यावर वडील म्हणून तुमच्या पतींचंच नाव. केंद्राकडची माहिती गोपनीय राहते. राष्ट्रीय नोंदवहीतली नोंद, तुम्हीच मागितलेली वैद्यकीय आणीबाणीतली माहिती आणि न्यायालयाचा आदेश, याखेरीज ती बाहेर देता येत नाही. त्याबदल्यात दोघांची लेखी संमती लागते. पती परराज्यात असले तरी ही सही फोनवरच्या होकारानं किंवा भावानं उरकायची नाही. समुपदेशनाला एकदा तरी दोघांनी मिळून यावं, सह्या तेव्हाच कराव्यात. गर्भाशयात नमुना सोडेपर्यंत संमती मागे घेता येते, हेही दोघांना माहीत असू द्या.

केंद्र निवडताना भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र वाचा. फक्त आययूआय करणारं केंद्र पहिल्या स्तराचं, आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं, करणारं दुसऱ्या स्तराचं. वीर्यबँकेची नोंदणी स्वतंत्र असते. सांगली-मिरजेत किंवा कराड-साताऱ्यात कुठंही करा, ‘नमुना कोणत्या बँकेतून येणार आणि तिचा नोंदणी क्रमांक काय’ हे विचारलंच पाहिजे. चांगलं केंद्र या प्रश्नावर रागावत नाही.

दाता निवडताना उंची, बांधा, वर्ण, डोळ्यांचा रंग, शिक्षण आणि रक्तगट एवढं जुळवता येतं. ‘आपल्या जातीचाच’ असा आग्रह बरेच जण धरतात. जात रक्तात तपासता येत नाही, आणि स्ट्रॉमध्ये, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या नळीत, ती नसते. रक्तगटाकडे मात्र नीट लक्ष द्या. समजा तुम्ही दोघंही ‘ओ’ गटाचे आहात. दाता ‘ए’ गटाचा निघाला तर मूल ‘ए’ गटाचं होऊ शकतं, आणि शाळेच्या रक्तगट शिबिरात एखादा हुशार शिक्षक सहज बोलून जाईल की असं होत नसतं. तुम्ही मुलाला सांगणार असाल तर यानं बिघडत नाही, नाहीतर जपून. तुमचा गट आरएच निगेटिव्ह असेल तर निगेटिव्ह दाता मिळाला तर उत्तम. तो दुर्मिळ असतो. पॉझिटिव्ह घ्यावा लागला तर २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा, हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तुमच्या तपासण्या दात्याचा नमुना मागवण्याआधीच पुऱ्या करा. पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान गर्भनळ्यांची तपासणी. जुनी असेल तर मधे संसर्ग किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं नसावं. एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी चाचणी), थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, दोघांच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि व्हीडीआरएल (गुप्तरोगाची) चाचण्या. थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिन एचपीएलसी. तुम्ही वाहक निघालात तर दाता वाहक नसल्याचा लेखी रिपोर्ट बँकेकडून घ्यायचा. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्या आणि महिनाभर थांबा. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आजपासून रोज.

आता प्रत्यक्ष चक्र कसं जातं ते. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी. पाळी नियमित असेल तर औषधाशिवायही करता येतं, पण बहुतेक केंद्रं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस बीज वाढवणारी लेट्रोझोलची गोळी, २.५ किंवा ५ मिलिग्रॅम, देतात. नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी. बीज १८ ते २० मिलिमीटरचं आणि पिशवीचं अस्तर ७ मिलिमीटरच्या पुढं गेलं की बीज फोडण्याचं एचसीजीचं इंजेक्शन. तीन किंवा जास्त मोठी बीजं दिसली तर ते चक्र सोडून द्यायचं. तिळ्यांचा धोका हा विनोदाचा विषय नाही: लहान, अपुऱ्या दिवसांची बाळं आणि आईचाही जीव धोक्यात.

दात्याच्या आययूआयमध्ये सगळ्यात जास्त चुकतं ते वेळेत. पतीचा ताजा नमुना असेल तर शुक्राणू पिशवीत दोन-तीन दिवसही टिकतात, थोडं पुढं-मागं चालतं. गोठवलेले शुक्राणू वितळल्यावर जेमतेम एक दिवस टिकतात, आणि फुटलेलं बीज १२ ते २४ तास. दोन्ही खिडक्या अरुंद. म्हणून इंजेक्शननंतर साधारण ३६ तासांनी करायचं. सोमवारी रात्री १० ला इंजेक्शन घेतलंत तर बुधवारी सकाळी १० च्या सुमारास. पहिली एसटी चुकली म्हणून दुपारी पोचलात तर त्या चक्राचं नुकसान होऊ शकतं. आदल्या रात्री सांगलीत नातलगांकडे राहा. इंजेक्शनची वेळ मोबाइलमध्ये गजर लावून पाळा आणि घेतल्याची नेमकी वेळ केंद्राला कळवा. रविवार आड येणार असेल तर केंद्र उघडं आहे का, हे इंजेक्शनच्या आधी विचारा.

दुसरी चूक नमुना उशिरा मागवण्याची. बीज १८ मिलिमीटर झालं आणि स्ट्रॉ अजून पुण्याहून निघालेलीच नाही, असं घडतं. पाळीच्या आठव्या दिवसापर्यंत स्ट्रॉ केंद्राच्या टाकीत पोचलेली असावी.

स्ट्रॉ बघायला मागा. पेनच्या रिफीलएवढी बारीक नळी, आत अर्धा मिली नमुना. त्यावर दात्याचा सांकेतिक क्रमांक, गोठवल्याची तारीख आणि बँकेची खूण असते. कागदावरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक केंद्रातल्या दोघांनी एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवून जुळवायला हवा, आणि तुम्हीही तो वाचा. ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून बाहेर येते, ३७ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवतात, पुसून एक टोक कापतात आणि थेंब काचेवर घेऊन हालचाल मोजतात. आपल्याकडे घरोघरी दुभती जनावरं आहेत, नायट्रोजनचा कॅन घेऊन येणारे डॉक्टर सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे हे ऐकताना पतींना कसंतरी वाटू शकतं. वाटू दे, त्यांनी ते बोलून दाखवावं. मनात दाबून ठेवलं की पुढं बाळाच्या बारशाला बाहेर येतं.

वितळल्यावर साधारण निम्मे शुक्राणू हालचाल गमावतात, ते अपेक्षितच असतं. धुऊन घेतल्यावर हलणारे शुक्राणू किमान ५० लाख, शक्यतो १ कोटी असावेत. हा आकडा लेखी मागा. पुढचं चक्र कसं करायचं ते यावरच ठरतं. नमुना आधी धुतलेला आहे की नाही, हेही विचारा. न धुतलेलं वीर्य थेट पिशवीत सोडायचं नसतं, त्यातल्या प्रोस्टाग्लँडिननं तीव्र कळा येतात. प्रत्यक्ष सोडायला पाच मिनिटं लागतात, पाळीइतकंच दुखतं, भूल लागत नाही. दहा मिनिटं पडून राहा आणि घरी जा. कांदा-लसूण सोडणं, पंधरा दिवस खाटेवर राहणं, उशीवर पाय ठेवणं यातल्या कशाचाही उपयोग नाही. बसनं प्रवास चालतो.

प्रोजेस्टेरॉन दिलं असेल तर तेच चालू ठेवा. १४ ते १६ दिवसांनी रक्तातली बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी चाचणी. त्याआधी घरच्या पट्टीवर बघू नका. बीज फोडायला दिलेलं इंजेक्शनही एचसीजीच असतं, ते दहा-बारा दिवस पट्टीवर खोटी रेघ आणतं आणि मग मन मोडतं.

किती वेळा? तुमचं वय ३५ च्या आत आणि नळ्या उघड्या असतील तर एका चक्रात गर्भ राहण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण हिशोब केला तर सहा चक्रांत निम्म्या जोडप्यांना यश येतं. म्हणून एकाच चक्रावर सगळे पैसे आणि सगळी आशा लावू नका. चार ते सहा चक्रांचा खर्च आधी लेखी घ्या: सोनोग्राफी, औषधं, स्ट्रॉ, वाहतूक, प्रक्रिया, सगळं वेगवेगळं. चार-सहा झाली, किंवा नळ्या बंद निघाल्या, किंवा वय ३८ च्या पुढं असेल, तर दात्याच्या शुक्राणूंनीच आयव्हीएफ. शुक्राणू चांगले असताना इक्सीचा वेगळा खर्च लागतोच असं नाही, कारण विचारा.

पती ‘हो’ म्हणाले की दुसऱ्याच आठवड्यात सुरुवात करू नका. दोन-तीन महिने जाऊ द्या. स्वतःचं मूल होणार नाही हे पचवायला पुरुषाला वेळ लागतो, आणि आपल्याकडे त्याला रडायला जागा नसते. कुणाकुणाला सांगायचं, हेही या काळातच दोघांनी ठरवा. माझं मत विचाराल तर मुलाला लहानपणीच, चार-पाच वर्षांचं असताना, साध्या शब्दांत सांगावं. मोठेपणी दुसऱ्याकडून कळलेलं जास्त लागतं. पण गावाला सांगणं आणि मुलाला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंना किती सांगायचं ते पतींनी ठरवावं आणि पतींनीच सांगावं.

शेवटी, पहिल्या मागणीच्या वेळीच करायचं एक काम. कायद्यानुसार एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात, आणि दात्याचा नमुना जास्तीत जास्त १० वर्षं साठवता येतो. दुसरं मूल त्याच दात्याचं हवं असेल तर किती स्ट्रॉ शिल्लक आहेत, त्या कुठं ठेवल्यात आणि वार्षिक भाडं किती, हे बँकेकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. त्या कागदासोबत संमतीपत्राची प्रत आणि स्ट्रॉचा क्रमांक एका पाकिटात ठेवा, आणि पाकीट तुमच्या दोघांच्याच कपाटात ठेवा.